श्रूजबरीतलं गुलाबी मीठ

अमेरिकेहून परत येऊन महिना झाला. भेटायला येणारी प्रत्येक बाई सोफ्यावर टेकायच्या आत विचारते, "नायगारा पाहिलात का?" पाहिला. छानच आहे. भिजायला होतं, निळा रेनकोट देतात आणि तो परत मागत नाहीत. एवढं सांगून झालं की मला खरं तर मिठाबद्दल बोलायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. म्हणून शेवटी लिहायला बसले. वाचताना कुणाला मध्येच उठून जायचं असेल तर जा बापडे.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीची उमेदीची सगळी वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी गेली, शहादा-धडगावकडे. त्या डोंगरातलं आयोडीन पावसानं धुऊन नेलेलं, त्यामुळे गावोगावी गलगंड. आश्रमशाळेत पोरांची रांग लावायची, दोन्ही अंगठे गळ्यावर ठेवायचे आणि म्हणायचं, "गिळ थुंकी." मी दिसले की पोरं ओरडायची, "गळा दाबणारी बाई आली." दुकानात खड्या मिठाचं पोतं उघडं असायचं आणि शेळी त्याला तोंड लावून जायची. तिला हाकलून मी दुकानदाराला पुडीतल्या मिठाचं महत्त्व सांगायची. तो मान डोलवायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याच पोत्यात माप घालायचा. पाय तुटेस्तोवर चालायचे मी, पण खरं सांगते, तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

श्रूजबरी

माझी लेक गौरी आणि जावई निखिलराव बॉस्टनपासून तासाभरावर श्रूजबरीला राहतात. गौरीला चौथा सरत आला होता आणि सारखा थकवा, म्हणून मी लवकर निघाले. निघण्याआधी फोनवर तिनं बजावलं होतं, "आई, ये तू. पण इथे येऊन नर्सबाई व्हायचं नाही. प्रॉमिस कर." मी केलं. आईनं केलेल्या प्रॉमिसला तसा काही अर्थ नसतो.

गाव देखणं आहे. घरांना कुंपणं नाहीत, हिरवळ एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात वाहत जाते, पण तिच्यावर माणूस म्हणून दिसत नाही. माणसं शनिवारी इंडियन दुकानात भेटतात, कढीपत्त्यापाशी. तिथे मला पहिल्याच आठवड्यात तीन काकू आणि एक मावशी मिळाल्या.

पोचले तेव्हा जून महिना होता. बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते आणि माझी पोर सोफ्यावर शाल पांघरून बसली होती. चेहरा जरा सुजल्यासारखा. मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि तोच हात सवयीनं गळ्याकडे निघाला. तिनं तो हळूच बाजूला केला. "आई, प्रॉमिस."

दुसऱ्या दिवशी वरण लावलं आणि मीठ शोधायला लागले. गॅसशेजारी काचेच्या गिरणीत गुलाबी मीठ, म्हणजे आपलं उपासाचं सैंधव. ते इथे रोज खातात. चिनीमातीच्या बरणीत खवल्याखवल्यांचं पांढरं समुद्री मीठ. चाटसाठी काळं मीठ. कपाट धुंडाळलं, फळीमागे हात घातला. साधं आयोडीनचं मीठ घरात नव्हतं. जिच्या आईनं डोंगर पालथे घातले तिच्या घरात.

मग माझी नजर फिरायला लागली. दूध बदामाचं. अंडी बंद. मासे आमच्याकडे कधी नव्हतेच. गरोदरपणाची व्हिटॅमिनं म्हणून गोड गोड जेलीच्या गोळ्या. चष्मा लावून बाटलीवरची सगळी यादी वाचली, त्यात आयोडीन नव्हतं. बाळाचा मेंदू घडायला आईच्या थायरॉईडला आयोडीन लागतं, हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर बोलले आहे की झोपेतून उठवलंत तरी बोलेन. इथे माझ्याच नातवंडाचा प्रश्न होता आणि माझ्या तोंडाला कुलूप.

तरी एकदा विचारून पाहिलं. "गौरी, मीठ हेच वापरता का गं?"

"आई." एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात पुढचं सगळं आलं.

मग मी जे केलं ते माझ्यासारखी बाईच करू जाणे. निखिलरावांबरोबर भाजी आणायला गेले. दुकानात एकाच फळीवर आयोडीनचं आणि बिनआयोडीनचं मीठ शेजारी शेजारी. तिकडे सक्ती नाही, ज्याला जे हवं ते घ्यावं, आणि बिनआयोडीनच्या डब्यावर छापलेलंही असतं की यातून आयोडीन मिळत नाही. मी आयोडीनचा डबा उचलला, आणि गौरी आंघोळीला गेल्यावर चिनीमातीच्या बरणीतले खवले काढून त्यात हे बारीक मीठ भरलं. डबा पोह्यांच्या मागे लपवला. अपराधी वाटलं का? छे, समाधान वाटलं.

पण खवले हलके असतात आणि बारीक मीठ जड. संध्याकाळी गौरीनं नेहमीच्या अंदाजानं तीन चिमटी टोमॅटोच्या सारात घातल्या. निखिलरावांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडातच धरून बसले. नागपूरचे असले तरी सासूसमोर बोलायचं कसं. शेवटी म्हणाले, "आई, सार छान आहे. जरा समुद्राकडे झुकलं आहे."

गौरी उठली. बरणी उघडून जिभेवर चार कण ठेवले. मग तिनं पोह्यांचा डबा सरकवला. लहानपणी मी खाऊ तिथेच लपवायची, ते ती विसरली नव्हती.

"विचारायचं तरी ना, आई. हे माझं किचन आहे. यू जस्ट डिड इट अगेन."

"अगेन काय? पुन्हा काय केलं मी?"

"वर्गात केलं होतंस तेच. मला मूर्ख ठरवलंस." आणि ती वर निघून गेली.

सार मी बेसिनमध्ये ओतलं. ती काय म्हणते आहे ते मला पक्कं ठाऊक होतं.

गौरी चौथीत असताना तिच्या शाळेत मिठाची तपासणी होती. पोरांना सांगायचं, घरातलं रोजच्या वापरातलं चमचाभर मीठ कागदाच्या पुडीत आणा. पुडी उघडून मिठावर द्रावणाचा थेंब टाकला की आयोडीन असेल तर मीठ जांभळं-निळं होतं. पोरांना ती जादू वाटायची. त्या दिवशी मोठे डॉक्टरसाहेब खुर्चीवर बसले होते, गुरुजी उभे होते आणि थेंब मी टाकत होते. एकेक पुडी निळी होत होती. गौरीची आली. थेंब टाकला. पांढरंच. पुन्हा टाकला. तरी पांढरं.

साहेबांनी मान वर केली. "सिस्टर, ही तुमचीच ना?"

मी हसले. म्हटलं, "वेंधळी आहे हो आमची. लोणच्याच्या बरणीतलं उचलून आणलंन वाटतं." सगळा वर्ग हसला, साहेबही हसले. गौरीनं आपली पुडी दुमडून मुठीत धरली.

तेव्हापासून घरात तिचं नावच वेंधळी पडलं. पेला सांडला, वेंधळी. छत्री विसरली, वेंधळी. मिठाची गंमत मी सगळ्या पाहुण्यांना सांगितली, तिच्या लग्नातसुद्धा.

आता खरं लिहिते. लोणच्याची बरणी वगैरे काही नव्हतं. आमच्या घरात रोजच खडे मीठ होतं. सासूबाई म्हणायच्या, "पुडीतलं मीठ कडवट लागतं, मला चालायचं नाही." पन्नास गावांशी वाद घालून मी घरी यायची तेव्हा मात्र माझं, एकविसाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनेचं, तोंड उघडायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते असं.

ईरी तळ्याकाठी

पुढचे काही दिवस घरात फार सभ्य गेले. "आई, चहा घेणार?" "घेईन." "थँक्यू, आई." भांडण परवडलं, पण पोटच्या पोरीचं थँक्यू ऐकवत नाही. निखिलरावांनी तोडगा काढला. "लाँग वीकेंड आहे, नायगारा करून टाकू नं. बफेलोजवळ माझ्या बाबांचे जुने मित्र आहेत, तिथे राहू."

दिवसभराचा रस्ता. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. पाळीव मेंढ्यांसारख्या रांगेत जाणाऱ्या गाड्या बघत हायवेकाठच्या बाकावर बसून आम्ही त्या खाल्ल्या. गौरीनं पाच खाल्ल्या, पण बोलली फक्त लोणच्याशी.

हे मित्र, म्हणजे काका, डॉक्टर होते, आता निवृत्त. पन्नास वर्षांपूर्वी काकूंना घेऊन इथे आले ते इथलेच झाले. घराच्या मागे चालत गेलं की ईरी तळं. तळं कसलं, पलीकडचा काठ दिसत नाही. काकूंनी भरली वांगी केली होती, खोबरं थोडं जास्त भाजलेलं, अगदी खानदेशी हाताची. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं तिखट झालं.

जेवणानंतर शेजारच्या डोरोथीबाई आल्या. नव्वदी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई, हातात स्वतः भाजलेला आंबटगोड 'पाय', म्हणजे फळं भरलेला केकसारखा पदार्थ. मी काय काम करायची ते काकूंनी त्यांना सांगितलं. मला इंग्रजी जेमतेम, म्हणून मी हवेत दोन अंगठे धरून दाखवले आणि गिळून दाखवलं. बाई एकदम गंभीर झाल्या. आपल्याच गळ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझी आजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फोटो घेऊन आल्या. उंच कॉलरचा झगा आणि वर रुंद काळी फीत बांधलेली एक बाई. "आजीचा गळा मी कधी उघडा पाहिलाच नाही," डोरोथीबाई सांगत होत्या आणि काकू मराठीत करत होत्या. "झोपतानासुद्धा रुमाल असायचा. या तळ्याकाठी तेव्हा घरोघरी हेच. माझ्या आईला शाळेत तपकिरी गोळ्या द्यायचे, चॉकलेटच्या चवीच्या. मग मीठ आलं. आईचा गळा बघा." दुसऱ्या फोटोत त्यांची आई होती, मोकळ्या गळ्याची, मोत्यांची माळ घातलेली.

मला बिजलीबाई आठवली. धडगावच्या वरच्या पाड्यावरची. तिची चांदीची हासळी पत्र्याच्या पेटीत पडून होती, कारण गळ्यात बसेना. तिनं मला विचारलं होतं, "बाई, तुझ्या मिठानं हासळी पुन्हा बसेल का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, तुला नाही बसणार, तुझ्या पोरीला बसेल. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि हासळी तिच्या गळ्यात धरून बघितली. ती पोर आता गौरीएवढी असेल. हासळी घालते का, कुणास ठाऊक. मी बदलीनंतर त्या पाड्यावर कधी गेलेच नाही, आणि त्याची रुखरुख मला ईरीच्या काठावर लागावी, हे नवलच.

काका म्हणाले, "हा सगळा पट्टाच तसा होता. बर्फाच्या युगात माती धुऊन गेली, आयोडीन उरलं नाही. मिठातून दिलं, गळे बसले. आता दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं, गरज संपली."

गौरी इतका वेळ फोटो हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पण काका, सी सॉल्ट समुद्रातलंच ना? त्यात नॅचरली असतं ना आयोडीन?"

"नावापुरतं. मीठ तयार होईपर्यंत फारसं राहत नाही. आणि तुझं ते गुलाबीही तसंच. रंगावर जाऊ नकोस." मग त्यांनी सहज विचारलं, "तुला थंडी वाजते का गं? शाल दिसते आहे म्हणून. थायरॉईडचं टीएसएच केलंस?"

ती म्हणाली, "सुरुवातीच्या तपासण्यांत नव्हतं ते, काका."

"परत गेल्यावर आधी ते कर. व्हिटॅमिनच्या बाटलीवर आयोडीन आहे का बघ, डॉक्टरला विचारून बदल. आणि इंटरनेटवर वाचून सीवीडच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, गोळ्या गिळू नकोस, जास्त झालं तरी बिघडतं. थायरॉईड बिघडलं असेल तर त्याला औषध लागतं, मीठ म्हणजे औषध नाही."

गौरीनं शहाण्या मुलीसारखं सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. तेच मी सांगितलं असतं तर कटकट. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. मला राग आला, आणि रागाच्या दुप्पट हायसं वाटलं. धबधबा त्याच दुपारी पाहिला.

पुन्हा श्रूजबरी

जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगून टाकते. तपासणीत गौरीचं थायरॉईड कमी काम करतं आहे असं निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण मिठाचंच असेल असं नाही, दुसरीही कारणं असतात, पण वेळेवर आलात. व्हिटॅमिन बदललं. गौरीनं स्वतः जाऊन आयोडीनचं मीठ आणलं आणि झाकणाच्या बरणीत भरून गॅसपासून लांब ठेवलं. तीन आठवड्यांत शाल कपाटात गेली. पुढे नात झाली. तिकडे बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईड तपासतात, तिचं अगदी नॉर्मल आलं.

पण ते "थँक्यू, आई" तसंच राहिलं होतं. गौरी आता चिडलेली नव्हती, फक्त जपून वागत होती, पाहुणीशी वागावं तसं. बाळंतपणाला माझा हात तिनं आपणहून धरावा एवढीच माझी इच्छा होती, आणि तशी लक्षणं दिसेनात.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आयसेलिनच्या इंडियन बाजारातून हिरवी साडी मागवली होती. तळघरातल्या हॉलमध्ये पुठ्ठ्याचा चंद्र, फुलांचा झोपाळा. वीसेक बायका, आणि त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुली. बर्फी की पेढा करताना एका मुलीनं विचारलं, "व्हॉट इफ इट्स ट्विन्स?" तिच्या आईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. गौरी फार सुंदर दिसत होती. तिचे बाबा असायला हवे होते, असं मला दहादा वाटलं.

ओटी भरून झाली. कुणीतरी म्हणालं, "मावशी, गौरीच्या लहानपणीची एखादी गंमत सांगा ना."

निखिलराव जिन्यातून ओरडले, "आई, ती मिठाची सांगा. वेंधळीची." त्यांनी लग्नात ऐकली होती ना.

गौरी हसली. तेच सभ्य हसू. आणि मी सुरुवात केली, नेहमीसारखी. पुड्या, जादूचा थेंब, खुर्चीवरचे साहेब. बायका हसायच्या तयारीत होत्या. साहेबांनी विचारलं, ही तुमचीच ना, इथवर आले आणि मला पुढचं ते वाक्य उच्चारवेना.

"मी म्हटलं, वेंधळी आहे, चुकीच्या बरणीतलं आणलं," मी म्हणाले. "ते खोटं होतं. बरणी चुकीची नव्हती. आमच्या घरात तेच मीठ होतं. गावाला शिकवणाऱ्या बाईच्या घरात. मला साहेबांसमोर लाज वाटली म्हणून मी माझ्या पोरीचं हसं केलं. आणि मग वर्षानुवर्षं तेच सांगत राहिले. तिला आजपासून कुणी वेंधळी म्हणू नका."

कुणी हसलं नाही. त्या मघाच्या मुलीनं आईला हळूच विचारलं, "व्हॉट डिड शी से?" एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "चला, पानं घ्यायची ना?" माणसं अशा वेळी जेवणाचाच आधार घेतात, तिकडेही.

मी स्वयंपाकघरात जाऊन मसालेभातावर खोबरं पेरत बसले. मागून गौरी आली. हिरव्या साडीचा पदर खोचून तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"एवढ्या लोकांत कशाला सांगितलंस, आई?"

"एवढ्याच लोकांत खोटं सांगितलं होतं."

खोबरं पेरता पेरता ती म्हणाली, "मला माहीत होतं. आपल्या घरात मिठाची एकच बरणी होती. तू रोजच्या वापरातलं आणा म्हणालीस, मी आणलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस गं? घरी येऊन तरी भांडायचंस."

"ते साहेब होते ना तिथे." तिनं वाटी खाली ठेवली आणि माझा हात आपल्या पोटावर ठेवला, बाळ लाथ मारत होतं तिथे. "मला वाटलं, मी खरं बोलले तर तुझी नोकरी जाईल."

तेव्हा ती नऊ वर्षांची होती.